व्याह्यांच्या शेतातली व्हिस्की

इंग्लंडात लेकीच्या घरून, मेडनहेडहून, सकाळी निघालो तेव्हा गाडीत चौघे होतो, आणि त्यात दारू पिण्याजोगी मी एकटीच होते. होणारा जावई टॉम गाडी चालवत होता. ह्यांना रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली. आणि आमची मुक्ता पिते हे मला अधिकृतरीत्या माहीत नाही, त्यामुळे ती आमच्यासमोर पिणार नव्हती. उरले मी. वय एकसष्ट, साताऱ्याच्या एका बँकेतून निवृत्त, अनुभव खोकल्याच्या औषधापुरता.

काम मात्र नाजूक होतं. टॉमचे वडील ग्रॅहम शेतकरी आहेत. त्यांच्या शेतातल्या जवापासून जवळच्याच एका डिस्टिलरीत (दारूच्या भट्टीत) सिंगल माल्ट व्हिस्की करतात. डिसेंबरात मुक्ताचं लग्न साताऱ्याला, आणि वरबाप म्हणतात की मी शेत सोडून कुठे जात नाही. टॉमला आई नाही. वडीलही आले नाहीत तर मांडवात मुलाकडून उभं राहायला कोणी नव्हतं. टॉम हे बोलून दाखवत नसे, पण मुक्ता फोनवर दोनदा रडली होती.

"आई, तू फक्त सिप घे आणि लव्हली म्हण," मुक्ता म्हणाली. "दोन वर्षांत ते माझ्याशी वेदर सोडून काही बोललेले नाहीत. त्यांनी इन्व्हाइट केलंय हेच खूप आहे."

"पण व्हिस्की स्कॉटलंडची असते ना?" ह्यांनी विचारलं.

"बाबा, तिथे स्कॉटलंड बोलू नका," टॉम गंभीरपणे मराठीत म्हणाला.

ऑक्सफर्ड मागे पडलं आणि रस्ते इतके अरुंद झाले की दोन्ही बाजूंची झुडपांची कुंपणं काचांना घासू लागली. एका वळणावर समोरून ट्रॅक्टर आला. तो हलेना, म्हणून टॉमने बरंच अंतर गाडी उलटी नेली. ट्रॅक्टर शेजारून गेला तेव्हा वरच्या माणसाने एक बोट उचललं. "डॅड," टॉम म्हणाला. व्याह्यांची नि आमची पहिली भेट ही अशी झाली.

भट्टीत हॅना नावाच्या मुलीने आम्हाला फिरवलं. जव भिजवतात, मोड आणतात, मग भाजून दळतात. हे ऐकून मी थबकले, कारण नाचणीसत्त्व मी अगदी असंच करायची आणि मुक्ताला सहा महिन्यांची असताना चाटवायची. हॅनाला मी तसं सांगितलं. त्यावर तिने, आमच्याकडे बाळांना काय देतात, असं जरा काळजीने विचारलं. मुक्ताने मला कोपराने ढोसलं.

मग टेबलाभोवती बसलो. आम्ही, आणखी सहा पाहुणे आणि टोकाला हात धुऊन आलेले ग्रॅहम. प्रत्येकापुढे चार छोटे ग्लास, मध्ये काचेचा एक मोठा जग. हॅना म्हणाली, आधी वास घ्या. कोणाला भाजलेलं सफरचंद आलं, कोणाला मध, एका गृहस्थांना चर्चमधलं जुनं लाकूड. मला नुकतं पॉलिश केलेलं कपाट आलं, पण मी लव्हली म्हणाले. ग्रॅहमना विचारलं तर ते म्हणाले, "खालचं शेत."

घोट घेतला. कानांपर्यंत जाळ गेला. ह्यांनी माझ्याकडे अभिमानाने पाहिलं.

आता खरी गोष्ट सांगते. एकेक घोट झाला की पाहुणे उरलेली व्हिस्की त्या जगात ओतत. तशी रीतच असते म्हणे. आणि दर वेळी ओतल्याचा आवाज आला की ग्रॅहम टेबलाकडे बघत. ती नजर मला ओळखीची होती. खळ्यात सांडलेला दाणा न् दाणा वेचल्याशिवाय माझे वडील जेवायला बसत नसत.

"ह्याचं पुढे काय करता?" मी हॅनाला विचारलं.

"सिंकमध्ये ओततो."

मला राहवेना. पानात टाकायचं नाही, ही शिकवण हाडात भिनलेली. पण उष्टं खायचं नाही, हीही तितकीच भिनलेली, आणि जगात सहा परक्या माणसांचं उष्टं होतं. मी थोडा विचार केला. ह्या जाळात कोणाचं उष्टं टिकणार नाही, असा निर्णय घेतला आणि जग पुढे ओढून माझा ग्लास भरला.

"आई, प्लीज," मुक्ता कुजबुजली. "इट्स एव्हरीवन्स लेफ्टोव्हर्स!"

"त्यांनी पिकवलंय ते," मी म्हणाले आणि प्यायले. हॅना उभीच राहिली. चर्चवाल्या गृहस्थांनी स्वतःचा ग्लास मुकाट्याने संपवला.

ग्रॅहम उठले, माझ्या शेजारी येऊन बसले आणि आपला ग्लास पुढे केला. मी ओतलं. जग रिकामा होईपर्यंत आम्ही दोघं बसलो होतो. हे माझी नाडी बघत होते.

"सात वर्षं बघतोय, ओततात," ग्रॅहम म्हणाले. "तुमच्याकडे कोणी टाकत नाही?"

"शीतसुद्धा नाही," मी ठणकावून सांगितलं. "लग्नातसुद्धा नाही."

त्यांनी रिकामा ग्लास टेबलावर ठेवला. "मग ते मला बघायचंय," ते म्हणाले. टॉमने चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला. मुक्ता त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि मला तिथेच भरून आलं. त्यात व्हिस्कीचाही वाटा असेल.

साताऱ्याला परतल्यावर चौथ्या दिवशी शेजारी बारसं होतं. बुफे होता. हात धुवायच्या जागेजवळ दोन पिंपं गुलाबजाम, पुलाव आणि अख्ख्या पुऱ्यांनी काठोकाठ भरलेली. मी बघतच राहिले. मग हातातल्या ताटलीकडे लक्ष गेलं. त्यात अर्धा पुलाव तसाच होता. ग्रॅहमना मी जे सांगितलं ते माझ्या वडिलांच्या घरचं होतं. आमच्या घरी ते कधी बंद पडलं, मला आठवत नाही. लाज वाटली. कोपऱ्यात जाऊन मी तो गार पुलाव संपवला.

ग्रॅहमचं तिकीट निघालंय. आयुष्यातला पहिला विमानप्रवास. लग्नाला चारशे माणसं येणार. त्या सगळ्यांची पानात टाकायची सवय मोडायला माझ्याकडे दोन महिने आहेत. सुरुवात घरापासून करावी म्हणून काल ह्यांना सगळं नीट समजावलं. ह्यांनी मान डोलावली, आणि जेवून उठले तेव्हा ताटात पोळीचे काठ होते.