ऊन दाखवायचे दिवस

पावसाळ्यात न वाळलेले कपडे घरातल्या एका खुर्चीवर साठत जातात ना, तसे आमच्या गटाचे किस्से साठलेत. रोज वाटतं, उद्या घड्या घालू. आज घालतेच.

गट म्हणजे चार माणसं. जागा, कोपरमधल्या आमच्या बिल्डिंगची गच्ची. वेळ, रविवार सकाळ. मी नुकतंच सायकॉलॉजीत एम.ए. केलंय. ऋतू बदलला की मनंही आजारी पडतात, हे कोणी मनावरच घेत नाही याचा मला भयंकर राग आहे. बिल्डिंगच्या ग्रुपवर मी लिहिलं, 'पाऊस संपला की गाद्यांना ऊन दाखवता, मनाला कधी दाखवणार?'

अंगठ्यांचा पाऊस पडला. गच्चीवर आली दोघंच. कॉलेजातला मित्र परेश, तोही कळव्याहून, आणि तळमजल्यावरची जिजामावशी.

चौथे लेलेकाका. ते आलेच नाहीत. खरं तर सगळं त्यांच्यासाठीच मांडलेलं.

*

जिजामावशी मूळची खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. बाजारात मासे विकते. पहिल्या दिवशी मी तिला अगदी पुस्तकात सांगितल्यासारखं हळू आवाजात विचारलं, "मावशी, आज तुम्हाला काय वाटतंय?"

"आज काय वाटलं नाय गो," मावशी म्हणाली. "मिक्सर बिघरलाय."

*

परेश घरूनच काम करतो. पावसाळाभर खोलीत बसून तो पार कोमेजलेला. मी बजावलं, रोज सकाळी ऊन घ्यायचं म्हणजे घ्यायचं. पण समोर टॉवर उभा राहिल्यापासून त्याच्या घरात ऊन येतं ते फक्त स्वयंपाकाच्या ओट्यावर, गॅसच्या बाजूला. पठ्ठ्या रोज ओट्यावर जाऊन बसायला लागला.

त्याची आई म्हणाली, "बसलाच आहेस तर नारळ खवून दे."

आता तो बराच खुललाय. आई सगळ्यांना सांगते, "उन्हाने नाही हो, सोलकढीने."

*

आमच्या गच्चीवरून खाडी दिसते. वारा फिरला की मावशी तिकडे तोंड करून बसते. तिचा नवरा आता होडी बाहेर काढत नाही.

"म्हावराच नाय गो खाडीत," ती म्हणाली. "मागं त्याच्या जाल्यात चप्पल आली. मी बोलले, टाकू नको. दुसरी पन येईल."

"आली?"

"अजून वाट बघतंय," मावशी म्हणाली, आणि खाडीकडेच बघत राहिली.

*

लेलेकाका तिसऱ्या मजल्यावर राहतात. रिटायर्ड शिक्षक. काकू पावसाच्या तोंडाशी गेल्या. दरवर्षी पाऊस ओसरला की काकूच जिन्यात उभ्या राहून ओरडायच्या, "ऊन आलंय, उठा रे सगळे!" मग बिल्डिंगभरच्या गाद्या-गोधड्या गच्चीवर. यंदा ऊन येऊन कितीतरी दिवस झाले, दोऱ्या रिकाम्याच. सुरुवात कोणी करायची, हेच कोणाला कळेना.

काका दार उघडायचे ते दुधासाठी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उन्हात बसा, चार माणसांत बसा. काका म्हणायचे, "बघू."

बघू म्हणजे काय? मला धीर नसतो. मीच घरी गेले.

"काका, डोळे मिटा. जिथे तुम्हाला शांत वाटतं अशी जागा आठवा."

काकांनी डोळे मिटले ते बराच वेळ उघडलेच नाहीत. मी मनातल्या मनात खूश.

"काय दिसलं, काका?"

"आमचं स्वयंपाकघर. पण शांत कसलं? ही बोलतच होती."

*

तेव्हाच पलंगावर काकूंची गोधडी दिसली. घडी तशीच. अख्खा पावसाळा बंद खोलीत काढलेला, कुबट वास मारत होती. मी उचलायला गेले.

"वर नेते, काका. कडक ऊन आहे."

काकांनी दुसरं टोक धरलं. "नको. उन्हात वास जातो."

"तेच तर!" मी म्हणाले.

"तेच तर," काका म्हणाले.

मी टोक सोडलं.

*

दिवाळीच्या आधीचा रविवार. आम्ही तिघं गच्चीवर. दार करकरलं आणि लेलेकाका आले. काखेत गोधडी, मनगटाला अडकवलेली छत्री.

मला इतका आनंद झाला की मी आधी दोरी पुसायला घेतली. "द्या काका, पसरते."

काकांनी मान हलवली. परेशकडून दोन खुर्च्या मागून घेतल्या, उन्हात शेजारी शेजारी मांडल्या. एकीवर गोधडी ठेवली, घडी न मोडता. दुसरीवर स्वतः बसले, उन्हाकडे तोंड करून. मग छत्री उघडली आणि गोधडीवर धरली.

मावशीला राहवेना. "अवो मास्तर, ऊन तुमच्या डोक्याव नि छत्री गोधडीव? उलटं झालं ना."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "डॉक्टरांनी ऊन मला सांगितलंय. तिला नाही."