यंत्राला दिला मायचा आवाज

"तिसरं पान कोठे शे?"

एवढंच बोलले मी. रिकाम्या वर्गात आम्ही पाचजण बाकांवर बसून आमच्याच नाटकाचं वाचन करत होतो. माझ्या हातातली पानं मागंपुढं झाली होती आणि बेसावधपणे तोंडातून घरची अहिराणी निघून गेली. आधी ऋतुजा हसली. मग बाकीचे. आदित्यनं दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "थांबा, थांबा! आपलं झाडू मारणारं यंत्र सापडलं."

त्या क्षणापर्यंत मी नाटकात शास्त्रज्ञ होते. त्यानं माझ्या हातातून शास्त्रज्ञाची पानं काढून घेतली. ओढली नाहीत, अगदी सभ्यपणे काढून घेतली. म्हणाला, "तू फक्त तोंड उघड. लोक हसतील. तुला अभिनय करायची गरजच नाही."

मी पण हसले. ते सगळ्यात वाईट.

धुळ्यातलं कॉलेज, बीएचं शेवटचं वर्ष. कल्पित भविष्याच्या कथांचा एक विषय आम्हाला होता. अजून न आलेल्या काळाच्या गोष्टी वाचायच्या आणि शेवटी पेपरऐवजी प्रकल्प करायचा. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मी मध्ये पडणार नाही. विषय तुमचा, मांडणी तुमची. गटात कुणी किती काम केलं त्याचे मार्कही तुमचा गटप्रमुखच देणार." आमचा गटप्रमुख आदित्य. निवडणूक वगैरे झाली नाही. तो बोलायला लागला आणि आम्ही ऐकायला लागलो. डॉक्टरांचा मुलगा, स्वतःचा लॅपटॉप, आणि बोलताना कधी अडखळत नाही. एवढं पुरतं.

नाटक होतं दोनशे वर्षांनंतरच्या धुळ्याचं. शहरावर काचेचं छप्पर. पांझरा नदी एका जाड नळीतून वाहते. आजार नाहीत, भूक नाही. जातसुद्धा नाही, असं आदित्यनं प्रस्तावनेत लिहिलं होतं. पण कुणीतरी झाडायला तर पाहिजे. म्हणून एक यंत्र. काचेचं छप्पर सुचलं, नळीतली नदी सुचली, पण झाडणाऱ्याला मान असेल हे काही कुणाला सुचलं नाही. मला तरी कुठं सुचलं होतं?

यंत्राची तीन वाक्यं आदित्यनं लिहिली होती. अहिराणी त्याला येत नव्हती, पण घरी कामाला येणाऱ्या बाईंची नक्कल तो झकास करायचा. "हाव मालक, झाडस." दुसरं, "माले समजत नई मालक." आणि तिसरं, ज्याच्यावर त्याची सगळी भिस्त होती, "मना डोकामा मेंदूच नई शे मालक."

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलंही. पण कसं? "मला स्टेजची भीती वाटते," मी म्हटलं. "आवाज मी रेकॉर्ड करून आणते. आमच्या बाजारात बसते एक बाई. तिच्या तोंडी अस्सल येईल."

एक बाई.

ती एक बाई माझी माय होती. साक्रीच्या आणि आजूबाजूच्या गावांच्या बाजारात ती सुकट-बोंबील विकते. तिचा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. "घ्या वं माय, घ्या, भाकरबरोबर घ्या!" लहानपणी बाजारात हरवले की मी त्या आवाजाच्या दिशेनं चालत जायची आणि बरोबर पोचायची. हॉस्टेलला आल्यावर मी पहिलं काय केलं असेल, तर तो आवाज घशातून खरवडून काढला. 'शे' गेलं, 'माले' गेलं, 'माय' गेली आणि 'आई' आली. आई काय करते असं कुणी विचारलं, की मी सांगायची, "घरीच असते." गावाहून आणलेले कपडे आधी गच्चीवर वाळत घालायचे, मग पेटीत ठेवायचे. वासाची भीती. आणि आता माझं तोंड उघडं पडायची वेळ आली, तेव्हा मी तिचं पुढं केलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. तो दांडा मी.

रविवारी घरी गेले. मायला म्हटलं, कॉलेजच्या नाटकात तुझा आवाज पाहिजे. ती बघतच राहिली. मग उठून तिनं तोंड धुतलं, केस विंचरले, पदर नीट केला. फोटो नाही, फक्त आवाज, असं मी सांगितलं तरी. भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "कोन बाई शे ती? शिकेल शे का?"

"हाव," मी म्हटलं. "मोठी बाई शे. दोनशे वरीसनंतरनी."

"दोनशे वरीसनंतर बी आपली बोली ऱ्हाई?"

"ऱ्हाई."

तिचं तोंड असं फुललं की मला खाली बघावं लागलं. तिथं तरी मी थांबायला हवं होतं. फोन पुढं धरला मी.

पहिली दोन वाक्यं तिनं मन लावून म्हटली. 'मालक' म्हणजे त्या बाईचा नवराच असणार असं तिनं धरून घेतलं आणि "माले समजत नई मालक" हे असं काही हळू, रुसल्यासारखं म्हटलं, की ऐकणाऱ्याला वाटावं, खरंच एक संसार आहे तिथं. तिसऱ्याला मात्र अडली. "हाई नई बोलाव मी. शिकेल बाई असं काबर बोली?"

"मस्करी करस ती," मी म्हटलं.

"मंग ठीक शे." आणि हसत हसत म्हणून टाकलं. माझ्यावर तिचा विश्वास होता, दुसरं काही नाही.

नाटक कधी आहे ते तिनं विचारून घेतलं. मी तारीख सांगितली आणि वर म्हटलं, "तू नको येऊ. तुले समजाव नई." म्हणजे आदित्यनं यंत्राला दिलेलं वाक्य मी मायला दिलं. तेव्हा हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

प्रयोगाच्या दिवशी कॉलेजचं सभागृह भरलं होतं. मला काम दिलं होतं लॅपटॉपचं. स्टेजच्या कडेला बसायचं आणि यंत्राची वेळ आली की बटण दाबायचं. यंत्र म्हणजे फ्रीजचं खोकं. त्याला चंदेरी कागद लावलेला, आत ज्युनियरचा एक मुलगा, हातात झाडू.

पहिलं बटण दाबलं. "हाव मालक, झाडस." सभागृह फुटलं. शिट्ट्या. आदित्य शास्त्रज्ञाच्या पांढऱ्या कोटात फुलून आला होता.

दुसरं दाबायच्या आधी सहज मागं नजर गेली. शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर माय. लग्नकार्याला नेसायची ती हिरवी साडी. मांडीवर पिशवी. एसटीनं एकटी आली होती. शेजारच्या अनोळखी मुलीच्या दंडावर हात ठेवून ती स्टेजकडे बोट दाखवत होती, मग स्वतःकडे. हा आवाज माझा, असं सांगत होती. लोक हसतात म्हणजे त्यांना आवडलं, असं तिला वाटत होतं.

माझं बोट दुसऱ्या बटणावर होतं. ते दाबलं गेलं. "माले समजत नई मालक." त्यावर आदित्यनं खोक्याला लाथ घातली. नाटकात तसंच होतं. खोकं कोलमडलं, झाडू उडाला, सभागृह डोक्यावर.

मायचा हात त्या मुलीच्या दंडावरून खाली आला.

आता तिसरं. सगळे वाट बघत होते. आदित्य माझ्याकडे वळला, ओठ न हलवता म्हणाला, "दाब ना."

मी मायकडे बघितलं. माय माझ्याकडे बघत होती. मी स्टेजच्या कडेला आहे, हे तिला तेव्हाच दिसलं असणार. वीज गेली असती, लॅपटॉप बंद पडला असता, मला चक्कर आली असती, तर आज माझ्याकडे सांगायला काहीतरी असतं. तसं काही झालं नाही.

मी दाबलं.

मेंदू नसल्याचं वाक्य माझ्या मायच्या हसऱ्या आवाजात सभागृहभर गेलं. इतके हसले लोक, की पुढचं नाटक थोडा वेळ थांबवावं लागलं.

प्रयोगानंतर प्रश्नोत्तरं होती. तीही मुलांनीच चालवायची. पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं विचारलं, "यंत्राचा आवाज कुणाचा होता?" आदित्यनं माईक घेतला. "साक्रीच्या बाजारात बसणारी कुणीतरी बाई आहे. एकदम ओरिजनल माल! तिला बिचारीला पत्तापण नाही, आपण तिला स्टार केलंय."

पुन्हा हसणं. मी मागं बघितलं. कडेची खुर्ची रिकामी होती.

तेव्हा मी उठले. हे धाडस नव्हतं. तिच्यासमोर उठायचं धाडस मला झालं नव्हतं, ती गेल्यावर उठले. तिच्यामागं आधी धावायला हवं होतं की आधी बोलायला, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. आदित्यच्या हातातून माईक घेतला. सभ्यपणे नाही, ओढून घेतला.

"ती बजारनी बाई मनी माय शे," मी म्हटलं. "तिले खोटं सांगीसन तिना आवाज मी आना. ती आते आठे बसेल व्हती."

तरीही कुणीतरी फिस्सकन हसलं. माझा सूर ऐकून. सवयीनं.

"हसा," मी म्हटलं. "पन आते कोनले हसतस ते देखा."

मग लॅपटॉपवरची तिन्ही वाक्यं मी पुसून टाकली, सगळ्यांच्या देखत. आदित्य पांढरा पडला. "अगं, व्हिडिओ करून जमा करायचंय अजून! सगळ्यांचे मार्क जातील."

"मार्क तुनाच हातमा शेतस ना? माले शून्य लिख."

तीन वर्षांत पहिल्यांदा कॉलेजच्या आत मी जाणूनबुजून अशी बोलले होते. घसा दुखत होता.

माय एसटी स्टँडवर सापडली. साक्रीच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर, पिशवी तशीच मांडीवर. मी शेजारी बसले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तू बोलनी व्हती, मोठी बाई शे," ती म्हणाली.

तिनं पिशवी जवळ ओढली.

"तेस्नी तिले लाथ मारी."

'तिला' म्हणाली. तिच्या लेखी ते खोकं नव्हतं.

"माय, माले माफ कर."

"माफबिफ ऱ्हाऊ दे. बजारमा मी बठ्ठास्ले सांगेल शे, दोनशे वरीसनंतर बी मना आवाज ऱ्हाई म्हनीसन. आते तेस्ले काय सांगू? तू शिकेल शे. तू सांग."

सगळ्या बाजाराला ती सांगून बसली होती. गाडी आली. ती चढली, खिडकीशी बसली आणि समोर बघत राहिली. गाडी हलली तरी तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

फोनवर आता ती एवढंच विचारते, "जेवनी का?" मी हो म्हणते. ती ठेवून देते.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी साक्रीला गेले. न सांगता. तिच्या शेजारी गोणपाटावर, सुकटाच्या ढिगामागं बसले. समोरच्या बांगडीवाल्या अक्कांनी विचारलंच, "काय वं, मायना आवाज वाजना का कालेजमा?"

"वाजना, अक्का," मी म्हटलं. मोठ्यानं, आजूबाजूच्या पालांखाली बसलेल्यांना ऐकू जाईल असं. "मी तो झाडू मारनारा यंत्रना तोंडमा घाला. तेले लाथ मारी, लोके हसनात. माय फसनी नई, मी तिले फसाडं."

अक्कांच्या हातातल्या बांगड्या हातातच राहिल्या. माय बोंबील तोलत होती. तिनं तागडीवरून नजर उचलली नाही. पण तिनं विचारलं होतं, काय सांगू. ते सांगायचं काम माझं होतं, तिचं नव्हतं. त्या दिवशी जो जो विचारत आला, त्याला मी सांगितलं. शरमेनं कान तापले होते. तापू दे.

मॅडमनी मला प्रकल्प एकटीनं करायची परवानगी दिली आहे. विषय तोच, दोनशे वर्षांनंतरचा. माझ्या धुळ्यावर काच नाही. तिथं बाजार आहे आणि बाजारात बसणारी बाई आहे. ती कुणाला मालक म्हणत नाही. मॅडम म्हणाल्या, "बाहेरचे परीक्षक येणार आहेत. निदान अर्धं तरी प्रमाण मराठीत बोल. समजलं नाही तर नापास करतील, वर्ष जाईल." त्या वाईट नाहीत, काळजीनंच म्हणाल्या. मी नाही म्हटलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत अहिराणीच. रेकॉर्ड केलेलं काही नाही. स्टेजच्या कडेला नाही, मधोमध.

मायला बोलावलेलं नाही. तो हक्क मी घालवला आहे आणि तो रडून परत मिळत नाही.

सोमवारी माझी पाळी आहे. हसणारे हसतील. या वेळी त्यांना माझ्या तोंडाकडे बघून हसावं लागेल.