गोठ्यातल्या पांढऱ्या शीट

दादाने गोठ्याला आतून जहाजाच्या शीट ठोकल्या, तेव्हा मला कौतुकच वाटलं होतं. गुजरातच्या किनाऱ्यावर मोडीत काढलेल्या जहाजातल्या केबिनच्या भिंतींचा माल नगरच्या एका भंगार व्यापाऱ्याकडे आला होता. त्या जाड, पांढऱ्या शीट पत्र्याखाली लावल्या की गाईंना उन्हाचा त्रास कमी. वाया जाणारी वस्तू कामी आली, म्हणून मीच त्याला शाबासकी दिली. मी संगमनेरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

दिवाळीला माहेरी गेले, तर दादा उरलेली शीट करवतीने कापत होता. मिशांवर पांढरी भुकटी. आई ती कोरड्या झाडूने लोटत होती. पायाशी पडलेला एक तुकडा बघायला वाकले. तुटल्या कडेतून बारीक, रेशमासारखे तंतू सुटले होते.

"आई, झाडू ठेव! दादा, करवत थांबव. हे ॲस्बेस्टॉस असेल. ही धूळ छातीत गेली की बाहेर निघत नाही, आणि आजार कळतो वर्षांनुवर्षांनी."

"आगं, जहाजात मानसं ऱ्हात हुती की," दादा हसला. "लई घाबरतीस तू."

ओल्या फडक्यात तुकडा गुंडाळला, दोन पिशव्यांत बांधला आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवला. नंतरचे दिवस काही केल्या जाईनात. शिकवताना वाक्य मध्येच सुटायचं. प्रत्येक तासानंतर मी दादाला फोन करायचे, "हात लावला नाहीस ना?" शेवटी तो फोन उचलेनासा झाला.

अहवालात तेच निघालं. माहेरी जाऊन मी तो वाचून दाखवला. दादाने कागद माझ्या हातातून घेतला.

"मंग टाकायच्या कुठं? वढ्यात? दुसऱ्याच्या बांधावर?"

तीन कार्यालयांत विचारपूस केल्यावर घातक कचरा रीतसर पुरणाऱ्यांचा पत्ता लागला. ते आले, तोंडाला मास्क लावून शीट भिजवल्या, एकही न तोडता उतरवल्या आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या. गाई तोवर चिंचेखाली बांधलेल्या. शेजारच्या वहिनींनी खुराड्यासाठी दोन शीट नेल्या होत्या. दादा स्वतः जाऊन, हात जोडून त्या परत घेऊन आला. मी निघताना एवढंच म्हणाला, "आईला डाक्टरकडं न्हेतो उद्या."

डॉक्टर म्हणाले, आज काही दिसत नाही. पुढे तपासत राहा.

मला 'आज' हा शब्द टोचत राहिला. मी व्यापाऱ्याला फोन लावला.

"बाकीच्या शीट कुणाला दिल्या?"

"ताई, आता कुठं आठवतंय? लई जनांनी न्हेल्या. नेवाशाकडं बी गेल्या."

तेव्हापासून एसटीत मला खिडकीच लागते. रस्त्याकडेला गोठा दिसला की मी मान वळवून आत बघते. पांढरं काही दिसतं न दिसतं, तोवर गाडी पुढे गेलेली असते. दोनदा तर मी मध्येच उतरले. एका ठिकाणी साधा चुना निघाला. दुसऱ्या ठिकाणी घराला कुलूप होतं. दाराच्या फटीत माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवलीय. अजून फोन आलेला नाही.