सुकटीच्या वासाचं कूपन

आज पनवेलच्या बाजारात सुकटीचा वास आला आणि आईची कुपनं आठवली. चहाच्या पुड्यांतली ती कुपनं आई जुन्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांत मुदतीप्रमाणे लावून ठेवायची. दहा कुपनांवर किलोभर साखर फुकट मिळायची. एका दिवाळीत मुदत संपत आली आणि नेमकं एक कूपन कमी पडलं. आईने ते गव्हाणहून सुकट विकायला येणाऱ्या मावशीजवळ बोलून दाखवलं, तर दुसऱ्या दिवशी तिने टोपलीतून एक कूपन काढून दिलं.

"घे गो बाय, आमाला त्याचा काय उपेग नाय."

वाण्यासमोर कुपनाला लागलेल्या त्या वासाची मला कोण लाज वाटली! त्या साखरेच्या करंज्या मात्र मिटक्या मारत खाल्ल्या. मावशीच्या घरी तर कायम स्वस्तातली सुटी चहापावडर असायची. कुपनाचा तो महागाचा पुडा तिने कुणासाठी घेतला होता, हे आज सुकटीचे वाटे पिशवीत भरताना कळलं.