हजेरी

फोनच्या पडद्यावरून एक माणूस मला नमस्कार करत होता, आणि तो माझ्यासमोर हजर नाही, असं मी त्याच्या मुलीला सांगत होते.

मेहकरच्या कोर्टाबाहेर माझं टेबल आहे. मी वकील आहे आणि नोटरीही. सही करणारा माणूस तोच आहे, शुद्धीवर आहे, राजीखुशीने सही करतोय, हे नोटरीने स्वतः पाहायचं असतं. मग खाली ‘माझ्यासमक्ष’ लिहून शिक्का मारायचा.

प्रज्ञा जानेफळहून आली होती. नर्सिंगच्या प्रवेशासाठी जात पडताळणीचा अर्ज संध्याकाळपर्यंत ऑनलाइन भरायचा होता. नाहीतर जागा गेली असती. अर्जाला वडिलांचं वंशावळीचं शपथपत्र हवं होतं. वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले.

“मॅडम, मी दिसून राह्यलो ना?” त्यांनी विचारलं. उजवा हात चालत नव्हता. डाव्या हाताने त्यांनी आधार कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं. अंगात इस्त्रीचा शर्ट होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

“दिसता, भाऊ. पण आपल्या कायद्यात व्हिडिओवरची हजेरी धरत नाहीत. काही देशांत धरतात. आपल्याकडे अजून नुसती चर्चा आहे.”

“मग काय करू?” प्रज्ञाने विचारलं.

“कागद घरी ने. पप्पांचा अंगठा घे आणि कोणाहीसोबत पाठव. मी शिक्का मारून देते.”

हे मी मदत म्हणून सांगितलं. आमच्याकडे रोज असंच चालतं. दस्तलेखक सह्या झालेल्या कागदांचा गठ्ठा आणतो. सह्या करणारे कुठे आहेत, हे आम्ही विचारत नाही.

“अन् मग तुम्ही पप्पाले कधी पाहणार?”

“पाहायची गरज नाही.”

तिने फोन माझ्याकडे वळवून धरला. “म्हणजे पाहिलं तर चालत नाही, अन् नाही पाहिलं तर चालते?”

शेजारच्या टेबलावरचे वकील हसले. “पोरगी वकील होऊन तुमचं टेबल घेते, मॅडम! मारा ना शिक्का, काऊन ताणता?”

फोनमधून वडील रागावले. “प्रज्ञा, मोठ्या माणसाले असं बोलतात काय? माफ करा मॅडम, लेकरू आहे.”

चूक माझी होती आणि माफी ते मागत होते. मला मान वर करवेना.

शिक्का आणि रजिस्टर पिशवीत घातलं, प्रज्ञाला स्कूटीवर बसवलं आणि जानेफळ गाठलं. इस्त्रीचा शर्ट अजून वडिलांच्या अंगात होता.

“अवो मॅडम, मघाशी तं पाहिलं होतं तुम्ही. आता काऊन आल्या?”

कायद्याचं उत्तर माझ्याकडे होतं. ते न देता मी रजिस्टर उघडून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी शपथपत्रावर आणि रजिस्टरमध्ये डावा अंगठा दिला. प्रज्ञाने तिथूनच कागद स्कॅन करून अर्ज भरला. तो वेळेत गेला.

ऑनलाइन नोटरीला विरोध करायचा, असं आम्हा नोटरींच्या बैठकीत आधीच ठरलं होतं. कॅमेऱ्यासमोर कोणीही तोतया बसेल, हे कारण. मीही हात वर केला होता. त्या पद्धतीत प्रत्येक सहीचं रेकॉर्डिंग जपून ठेवावं लागतं. ‘माझ्यासमक्ष’ लिहिलेल्या आमच्या कागदांचं असं रेकॉर्डिंग असतं तर त्यात कोण दिसलं असतं, हे बैठकीत कोणी विचारलं नाही. मीही नाही.