भज्जीतल्या गाठी

दिवाळीत लाडवाचा डबा काढायला आई स्टुलावर चढली आणि उजवा हात मोडून खाली आली. डबा शाबूत. प्लास्टर घालून घेताना तिनं डॉक्टरला एकच विचारलं, "येळवशीपर्यंत निघंल का?" डॉक्टर म्हणाला, बघू. म्हणजे निघणार नव्हतं.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्या उदगीरकडं गावात कुत्रं राहत नाही, सगळी रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करायची, पूजा करायची आणि भज्जी खायची. तळलेली भजी नव्हे हो. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, पालक, कांद्याची पात, बोरं, चिंच, असलं सगळं एका पातेल्यात शिजवायचं आणि हरभऱ्याचं पीठ लावून घट्ट करायचं. सोबत बाजरीचे वाफवलेले गोळे, म्हणजे उंडे, आणि आंबील. बांधावरून जाईल त्याला हाक मारून जेवू घालायचं, आणि कुणाची हाक आली तर आपणही नाही म्हणायचं नाही. त्या दिवशी तरी नाही.

आईचं दुखणं हेच होतं. शेजारचं रान काकूचं. काकू म्हणजे माझी चुलती, आईची धाकटी जाऊ. लोकांच्यात बांधावरून भांडणं होतात, आमच्यात भज्जीवरून झालं. काही वर्षांमागं एक पाव्हणा दोन्ही कोपींवर पोटभर जेवला, ढेकर दिला आणि म्हणाला, धाकट्या वहिनीची भज्जी सरस. तो बाबा गेला निघून. जावाजावांचं बोलणं मात्र तेव्हापासून बंद. यंदा आमच्या रानात चूल पेटली नाही, तर काकू हाक मारणार आणि आईला तिच्या कोपीवर बसून तीच भज्जी खावी लागणार.

"त्यापरीस मी दुसरा हात मोडून घेते," आई म्हणाली.

"मी करतो की भज्जी."

आई हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

मी नोकरीला नांदेडात, विष्णुपुरीजवळ खोली घेऊन राहणारा, आणि स्वयंपाकात मला मेसचा डबा उघडता येत होता. तेवढ्यावर भज्जी होत नाही. म्हणून गॅस घेतला, एक कढई घेतली आणि मोबाईल मसाल्याच्या डब्याला टेकवून शिकायला बसलो.

मोबाईलवर शिकवणाऱ्यांना तोटा नाही, शिकणाऱ्याचेच हाल. एक बाई पुण्याकडची. तिच्यासमोर सगळं आधीच चिरून काचेच्या इवल्या इवल्या वाट्यांत मांडलेलं असायचं. त्या वाट्या कोण घासतं ते ती शेवटपर्यंत सांगायची नाही. एक शेफसाहेब म्हणायचे, कांदा गुलाबी होऊ द्या. माझा कांदा पांढऱ्याचा थेट काळा व्हायचा, गुलाबी मधल्यामधे कुठं उतरून जायचा कोण जाणे. लिहिलेल्या पाककृती बघाव्यात तर मीठ यायच्या आधी लिहिणारीच्या आजोळची अख्खी सुट्टी वाचावी लागायची. आणि सगळ्यांचा एकच लाडका शब्द, चवीनुसार. अरे, चवच कळत असती तर तुमच्या दारात कशाला आलो असतो?

असाच वैतागून बोटानं व्हिडिओ सरकवत होतो आणि एक आवाज ऐकला. हातातलं लाटणं खाली पडलं. काकू.

चेहरा दिसत नव्हता. दिसत होते नुसते गोंदलेले हात आणि हिरव्या बांगड्या. मोबाईल धरला होता तिच्या सुनेनं. ती कर्नाटकाकडची, सासूला 'अत्ती' म्हणायची. मी तिला कधी बघितलेलं नव्हतं, कारण लग्नाला आम्ही गेलोच नव्हतो. जुने व्हिडिओ सगळे पुरणपोळी, धपाटे असले जड जड कामाचे होते. दिवाळीनंतर मात्र बाईनं एकदम बालवाडी काढली होती. तांदूळ कसा धुवायचा. भात झाला का ते शीत दाबून कसं बघायचं. एका माणसाचं वरण. ज्या घरात दहा माणसांच्या खाली पातेलं चुलीवर चढत नाही, तिथं एका माणसाचं वरण. चिरायच्या व्हिडिओत तर तिनं हेही दाखवलं की डावखुऱ्यानं सुरी कशी धरावी आणि बोटं कुठं ठेवावीत. मी डावखुरा, मला ते लई कामाला आलं. म्हटलं, बाई सगळ्या जगाचा विचार करून राहिली.

अख्ख्या इंटरनेटवर मला कळेल असं शिकवणारी एकच बाई निघावी आणि ती नेमकी हीच असावी. पण मी शिकलो, आणि खरं सांगायचं तर चोरून शिकायची मजा येत होती. आईला पत्ता लागता तर तिनं प्लास्टरचाच हात माझ्या पाठीत घातला असता.

आईचा रोज संध्याकाळी फोन यायचा.

"आज काय केलास?"

"वरण."

"हिंग टाकलास का?"

"व्हिडिओत नव्हता."

"व्हिडिओवालीला काय कळतंय," आई म्हणायची आणि फोन ठेवायची.

अमावस्या जवळ आली तसा भज्जीचा व्हिडिओ आला. मी तो इतक्या वेळा बघितला की बांगड्यांचा आवाज कुठल्या जागी येतो तेही पाठ झालं. दाणे आधी, पालेभाजी मग, बोरं शेवटी. "आता पीठ लावायचं," काकू म्हणाली, की लगेच पुढच्या चित्रात घट्ट भज्जी.

येळवशीला रानात चूल मी पेटवली. उंडे आईनं एकट्या डाव्या हातानं वळले होते, आंबीलही तिचीच. भज्जीला तिनं हात लावला नाही, बघितलंही नाही, कोपीत पूजेला जाऊन बसली. वास बरोबर यायला लागला. मी खूश. काकूसारखंच "आता पीठ लावायचं" म्हणालो आणि उकळत्या पातेल्यात कोरडं पीठ ओतलं.

गाठी झाल्या. बोराएवढ्या. बोरं कुठली आणि गाठी कुठल्या ते चमच्याला कळेना.

तेवढ्यात काकू सुनेला घेऊन आमच्या बांधावरून निघाली. तिला तिकडून जायचं काही एक कारण नव्हतं, तिची वाट पलीकडून. आई कोपीतून बाहेर आली. दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही.

"बोलाव की," आई मला म्हणाली. "जाणाऱ्याला हाक मारावी लागती."

"तूच मार ना."

काकू चपलेत खडा गेल्यासारखं करून थांबलेली. शेवटी आई तुरीच्या ओळींकडं बघत म्हणाली, "या, जेवायला."

काकू आली, बसली. मी वाढलं. आता आईची अब्रू माझ्या पातेल्यात होती. काकूनं उंडा मोडला, भज्जीचा घास घेतला आणि सावकाश चावला.

"दाणे शिजलेत," ती म्हणाली. "पीठ गाठी झालंय."

संपलं. मी मान खाली घातली.

"व्हणारच," आई म्हणाली. "पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं असतंय, ते दाखवलीसच कुठं तू? वरणातबी हिंग इसरलीस."

मी आईकडं बघतच राहिलो. म्हणजे तिकडं गावात, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन, डाव्या अंगठ्यानं हीपण तेच बघत होती. सगळं.

"इसरले न्हाई, अक्का," काकू म्हणाली. "मुद्दाम सोडले. म्हटलं, तेवढं तू सांगशील त्याला. सगळंच मी सांगितल्यावर तुझी भज्जी कशी म्हणायची?"

"हिंगाचं सांगितले. पिठाचं मला वाटलं, त्याला ठावं असंल," आई म्हणाली.

मग मला राहवलं नाही. "पण काकू, मी तुझे व्हिडिओ बघतो हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. अक्काचा हात मोडला म्हणून कळलं. मग चुलीपाशी कोण उभारणार ते दिसतच होतं." तिनं आणखी एक गाठ फोडून तोंडात टाकली. "माझ्या वळखीत डावखुरा एकच हाय. जगाला कशाला दाखवू सुरी धरायला?"

आईनं डाव्या हातानं पळी उचलली. सांडत सांडत काकूच्या ताटात आणखी भज्जी वाढली. सुनेनं मोबाईल वर केला.

"गाठी दिसू देऊ नको, बाई," आई म्हणाली.