मशीनच्या आवाजातलं इंग्रजी

ती घरीच कपडे शिवायची. मशीन चालवता चालवताच लेकीकडून इंग्रजी शब्द म्हणवून घ्यायची. खडखडाटात ऐकू यावं म्हणून दोघी ओरडत.

"कॅट!"

"कॅट!"

शेजारीण दारातून विचारी, "काय गं, मायलेकी भांडताय की काय?"

एक दिवस लेकीच्या टीचरनी तिला शाळेत बोलावून सांगितलं. पोरगी वर्गात इंग्रजी शब्द किंचाळूनच म्हणायची. मुलं हसायची. आता तिने इंग्रजीपुरतं तोंडच मिटून घेतलं होतं.

चूक कुठे झाली, ते आईला घरी पोचेपर्यंत उमगलं. शिवणाचा ढीग तसाच ठेवून तिने मशीन बंद केलं.

"अगं, गिऱ्हाईक बोंबलेल," नवरा म्हणाला.

"बोंबलू दे. गिऱ्हाईक उद्यापर्यंत थांबेल. हिचं नाही थांबायचं."

लेकीला जवळ घेऊन ती हळूच म्हणाली, "कॅट." एवढ्या शांततेत तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. आई पुन्हा म्हणाली, मग पुन्हा.

शेवटी पोरगी तिच्या कानाशी आली.

"आई, एवढं हळू चालतं?"

"चालतं की."

"मग डॉग पण येतो मला," ती कुजबुजली.